बुरमाकान आपाचा विलाप

"सादिरला कुठल्याही घोड्यावर बसवा, पडायचा नाही," असं फ्रुन्झे शहरातल्या स्टुडिओत म्हणत. सादिरबेकने तिथे तीस वर्षं दिग्दर्शन केलं. टेलिव्हिजनसाठी हवामानाच्या बातम्या, बाहुल्यांचे खेळ, नववर्षाचे जलसे बसवले. शिवाय पाच चित्रपट केले. पण तिसऱ्या चित्रपटाचं कुणी कौतुक केलं, की तो विषय बदलायचा.

त्यात विधवेच्या विलापाचा प्रसंग होता. नटीचं रडणं खोटं वाटत होतं, म्हणून त्याने आपल्या अत-बाशी गावाहून बुरमाकान आपाला आणलं. तिचा नवरा जाऊन दोनच महिने झाले होते. रीतीप्रमाणे ती तंबूत पाहुण्यांकडे पाठ करून बसली आणि गाऊन रडू लागली. कॅमेरावाल्याने डोळे पुसले. तेवढ्यात बाहेर घोडा खिंकाळला आणि ध्वनिमुद्रण बिघडलं.

"आपा, अजून एकदा," सादिर म्हणाला. "आवाज जरा चढू दे."

असं चार वेळा झालं. चौथ्या खेपेचं रडणं चित्रपटात गेलं.

नवऱ्याच्या वर्षाच्या जेवणाला, दुखवट्याचे काळे कपडे उतरवण्याआधी, विधवेने शेवटचा विलाप करायचा असतो. बुरमाकान बसली, पण तोंडातून शब्द फुटेना. बायका कुजबुजल्या, "कॅमेऱ्यापुढे चारदा रडली, नवऱ्यापुरतं उरलंच नाही!" आईच्या पत्रातून सादिरला हे कळलं. त्यानंतर गावी गेला तरी तो तिच्या घरावरून जात नसे.

निवृत्त झाल्यावर मात्र तो तिच्याकडे गेला. तिने चहा ओतला.

"वाट चुकलास का रे? टकलूही झालास!"

"आपा, माफी मागायला आलोय. त्या रडण्याची."

तिने चहाची वाटी त्याच्यापुढे सरकवली. "तुझ्या सिनेमात कितवं घेतलंस?"

"चौथं."

"ते तुझ्यासाठी होतं. दुसरं, तिसरंही. पहिलं तेवढं त्यांचं होतं. ते आहे ना शहरात?"

'आहे' म्हणणं सोपं होतं. नटनट्यांना धीर द्यायला तो आयुष्यभर असंच काहीबाही सांगत आला होता.

"नाही आपा. कापून टाकलं. मीच सांगितलं होतं."

"अस्सं." तिने डोक्यावरच्या रुमालाच्या टोकाशी चाळा केला. "बायका बोलायच्या तेव्हा मनात म्हणायचे, बोला गं, त्यांचं रडणं शहरात जपून ठेवलंय. हे तरी कशाला सांगितलंस?"

सादिरने वाटी उचलली आणि तशीच खाली ठेवली.

"घे, चहा निवतोय," ती म्हणाली, आणि गाय बांधायला बाहेर गेली.