पूजेला बसलेली शेगडी

गॅसची शेगडी दुरुस्त करायला अक्कल लागत नाही, असं माझं ठाम मत होतं. त्या हिशेबानं या कामाला माझ्याइतका लायक माणूस अख्ख्या राजारामपुरीत नव्हता, हे एका दसऱ्याला सिद्ध झालं.

मी शाळेत भूगोल शिकवतो. आमचे आबा मात्र फौंड्रीत फिटर होते, नुसत्या आवाजावरून मशीनचं दुखणं ओळखणारे. जाताना त्यांनी मला त्यांची हत्यारपेटी दिली. (हात द्यायचे राहून गेले.) पेटी घरात आल्यापासून मिस्त्री नावाच्या माणसाला मी उंबरा ओलांडू दिला नव्हता. या लोकांना दोनच वाक्यं येतात, ‘पार्ट गेलाय’ आणि ‘वरिजनल मिळत न्हाई’. आपल्या गल्लीच्या तोंडाशी बसणारा दस्तगीर मिस्त्री तर सातवीतनं शाळा सोडलेला! त्यानं माझ्या शेगडीला हात लावायचा? फिटरच्या पोराच्या शेगडीला?

शेगडीला तोवर काहीही झालेलं नव्हतं, ही गोष्ट इथं नोंदवून ठेवतो.

झालं असं, की त्या वर्षी दसऱ्याला आमच्या सौभाग्यवतींना, म्हणजे शुभांगीला, आयुष्यातली पहिली ऑर्डर मिळाली. तिसऱ्या गल्लीतल्या डॉक्टरीणबाईंकडं पेठ वडगावचे व्याही जेवायला येणार होते आणि बाईंना चाळीस पुरणपोळ्या हव्या होत्या, दसऱ्याला दुपारी बाराच्या आत. शुभांगीच्या पोळीची कीर्ती आजवर हळदीकुंकवापुरती होती. तिनं आठवडाभर आधी डाळ निवडली, कणीक कुठल्या गिरणीची घ्यायची यावर दोन दिवस विचार केला आणि मला बजावलं, “हे जमलं तर जमलं. न्हाईतर जल्मभर घरातल्यांनाच लाटून घालायचं हाय मला.” हे सांगताना तिचे डोळे भरून आले होते. मी म्हणालो, “मी हाय की!” ती थोडी घाबरली. बायकांना पुढचं दिसतं म्हणतात, ते खोटं नाही.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी खंडेनवमी. आबांच्या फौंड्रीत त्या दिवशी हत्यारांची पूजा व्हायची. लेथला झेंडूची माळ, पान्यांना हळदकुंकू आणि सगळ्यांना पेढे. आणि एक नियम असायचा. पुजलेलं हत्यार त्या दिवशी वापरायचं नाही, त्याला विश्रांती. आमच्याही घरी दरवर्षी हत्यारपेटी, माझी स्कूटर आणि शेगडी पूजेला लागायची. शुभांगी शेगडीला हळदकुंकवाची दोन बोटं लावून एक फूल ठेवायची, की झालं.

त्या वर्षी मात्र मला ते वरवरचं वाटायला लागलं. पहिली ऑर्डर आहे, शेगडी म्हणजे आता लक्ष्मी. तिची पूजा अशी उंबऱ्यावरनं करायची?

“नीट करू या,” मी म्हणालो. “आबा एकेक पाना वेगळा पुजायचे.”

“अवो, पाना सुटा असतोय. शेगडी एकच हाय.”

“सुटी करतो की!”

पेटी उघडली आणि बर्नर काढले. त्याखालचे पितळेचे दोन बारके जेट, ज्यांच्या सुईएवढ्या भोकातनं गॅस वर येतो, तेही पाना लावून काढले. सगळं चिंचेनं घासून लखलखीत केलं, ताटात मांडलं आणि हळदकुंकू पाण्यात कालवून एकेका भागाला मनोभावे लावलं. वर अक्षता टाकल्या. जेट एवढे सुंदर दिसत होते, की त्यांना मी दोनदा लावलं. मग मंत्र येत नसल्यामुळं आबांचं नाव घेतलं आणि सगळं जिथल्या तिथं बसवून टाकलं. एकही स्क्रू उरला नाही! (एरवी दोन-तीन तरी उरतात.) शुभांगीनंसुद्धा “बरं जमलं की,” असं म्हटलं. लग्नानंतर हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकत होतो, त्यामुळं मी जरा हवेतच गेलो.

दिवसभर आम्ही बाहेरची मिसळ खाल्ली. संध्याकाळी शुभांगी डाळीचं पातेलं घेऊन ओट्याकडं निघाली.

“पुरण आजच शिजवून ठेवते. सकाळी गडबड नको.”

“खबरदार! शेगडी पूजेला बसलीया!”

“अवो, चाळीस पोळ्या हायत!”

“पाचला उठ की. डाळ काय पळून जातीया?”

माझ्याकडं तिनं जे बघितलं, ते बघणं मला आजही अधूनमधून आठवतं.

पहाटे पाचला तिनं काडी ओढली. डावा बर्नर गप्प. दुसरी काडी, तिसरी काडी, काही नाही. उजवा पेटला, पण आजाऱ्यासारखा. पिवळी मरतुकडी ज्योत, ती पातेल्याचं बूड काळं करून विझायची.

“अवो, उठा! गॅस चालंना!”

मी लुंगी सावरत आलो, ज्योतीकडं एक नजर टाकली आणि निदान केलं, “टाकी संपली.”

“चार दिवस झालं लावून!”

“गॅसवाले अर्धीच भरून देतात. सगळे चोर.” मी ती टाकी काढून जोडटाकी लावली. वायसर तपासला. साबणाच्या पाण्याचा फेस जोडावर फासला, एकही बुडबुडा आला नाही. फेस मात्र ओट्यावरनं ओघळत भिजलेल्या डाळीच्या पातेल्यापर्यंत गेला. शुभांगीनं पातेलं झडप घालून उचललं. ज्योत होती तशीच पिवळी राहिली.

“रेग्युलेटर!” मी म्हणालो. “हलका माल खपवलाय आपल्याला.”

रेग्युलेटर हलका आहे हे पटवून द्यायला दुसरा रेग्युलेटर हवा. तो आमच्या डोक्यावर, वरच्या मजल्यावरच्या नलवडेकाकूंकडं होता. मी वर गेलो. काकू अंघोळीला गेल्या होत्या, नलवडेकाका पेपर वाचत होते आणि कुकर शेगडीवर होता. “पाच मिनिटं,” असं म्हणून मी शेगडी बंद केली, रेग्युलेटर काढला आणि खाली आलो. काकांनी पेपरातनं मान वर केली नाही. या देशाचं असंच चाललंय.

काकूंचा रेग्युलेटर लावूनही ज्योत पिवळीच. तेवढ्यात जिन्यात पावलं वाजली. ओल्या केसांना पंचा गुंडाळून नलवडेकाकू दारात उभ्या.

“माज्या शेगडीचं मुंडकं कुनी न्हेलं?”

शुभांगीनं माझ्याकडं बोट केलं. माझ्या हातात ते मुंडकं होतंच.

“सर, कुकर दोन शिट्ट्यांवर बसलाय माजा! सनासुदीचं घर हाय का शाळा?”

“काकू, शास्त्रीय पद्धतीनं चाललंय. एकेक शक्यता वगळत जायचं असतं.”

“मग सोताला वगळा की आधी!” असं म्हणून काकूंनी रेग्युलेटर ओढून घेतला. जायच्या आधी मात्र त्यांची नजर शुभांगीच्या चेहऱ्याकडं गेली. ती डबडबल्या डोळ्यांनी घड्याळाकडं बघत डाळीचं पातेलं पोटाशी धरून उभी होती. साडेसहा वाजले होते.

“आगं, रडतीस कशाला? डाळ घे, गूळ घे, वर चल. माज्या शेगडीवर शिजव. आन् दस्तगीर मिस्त्रीला बोलवून घेते मी.”

“दस्तगीर?” मी गरजलो. “काकू, फिटरच्या घरात मिस्त्री येणार न्हाई!”

“फिटर गेला सर. पेटी ऱ्हायलीया निस्ती.”

दोघी वर गेल्या. आता हा प्रश्न पुरणपोळीचा राहिला नव्हता, घराण्याचा झाला होता. मिस्त्री यायच्या आत शेगडी पेटली पाहिजे! मी बर्नर उचलले. आत अंधारात जेट दिसत होता. भोक बुजलं असेल, आलं लक्षात. (इथवर अगदी बरोबर होतो. हेही नोंदवून ठेवतो.) शुभांगीच्या शिलाई मशीनची सुई आणली आणि डाव्या जेटमध्ये खुपसली. सुईच्या टोकाला लालसर काहीतरी लागून आलं.

“गंज!” मी ओरडलो. “बघा! जेटला गंज धरलाय! भंगार माल वापरतात कंपन्या!”

ऐकायला कोणी नव्हतं म्हणून मी जिन्यात जाऊन हे पुन्हा ओरडलो. वरनं काकूंचा आवाज आला, “पितळंला गंज कदी धरतोय वो, सर?”

भूगोलात हे येत नाही. मी परत आलो आणि गंज मुळापासून काढायचा म्हणून जोरात सुई दाबली. ‘कट्’ असा आवाज झाला. सुई अर्धी माझ्या हातात आणि अर्धी जेटमध्ये. ती काढायला मी दुसरी सुई उजव्या जेटमध्ये घातली. (डाव्यातली अडकलेली सुई काढायला उजव्यात सुई का घातली, हे मला विचारू नका. मला शुभांगीनंही विचारलं होतं.) तीही मोडली. पहाटे एक बर्नर निदान मरतुकडा तरी पेटत होता. आठ वाजता दोन्ही गप्प झाले.

साडेआठला दस्तगीर मिस्त्री आला. हातात चष्म्याच्या घराएवढी एक पिशवी, बस्स. मी आबांची मणभर पेटी मुद्दाम त्याच्या पुढ्यात सरकवली. त्यानं तिला हात लावून तो कपाळाला लावला आणि बाजूला सारली. तोवर काकू आणि शुभांगी खाली येऊन उभ्या राहिल्या होत्या. खेळ कुणाला चुकवायचा नव्हता.

त्यानं शेगडी उलटी केली, जेट काढले आणि उजेडात धरले. मग शेगडी हळूच हलवली. बर्नरच्या नळीतनं तांदळाचे चार दाणे टपटप ओट्यावर पडले. त्यानं ते तळहातावर घेतले. शेजारी कुंकवानं बुजलेला जेट ठेवला. दुसऱ्या जेटमधनं पिवळी हळद खरवडली. मग तळहात शुभांगीपुढं धरला.

“वैनी,” तो अगदी हळू आवाजात म्हणाला, “शेगडीची वटी भरलीया व्हय?”

मग त्यानं एकेक गोष्ट बोटानं दाखवली.

“न्हाई, हळद हाय, कुकू हाय, तांदूळ हायती. खण-नारळ तेवढा घालायचा ऱ्हायला.”

काकू ओट्याला धरून खालीच बसल्या. शुभांगी पदर तोंडात कोंबून भिंतीकडं वळली. सकाळपासून पहिल्यांदाच ती हसत होती, तेवढं एक पुण्य माझ्या खात्यावर जमा धरावं.

“खंडेनवमी होती काल,” मी म्हणालो. “प्रत्येक भाग वेगळा पुजला.”

“पुजावाच की, सर. आमच्या दुकानात बी पुजत्यात हत्यारं. मी सोता नारळ फोडतो. पर वरनं फूल ठिवायचं. भोकात न्हाई कुकू भरत.” मग त्यानं जेट पुन्हा डोळ्याजवळ नेला. “आन् ही सुई कशाची?”

“शिलाई मशीनची,” शुभांगी भिंतीकडं बघतच म्हणाली. “दोन हुत्या. दोनी गेल्या.”

दस्तगीरनं पिशवीतनं दोन नवे जेट काढले, बसवले, फुंकर मारली आणि काडी ओढली. निळी, गोल ज्योत उभी राहिली. दहा मिनिटं लागली असतील. मी वाट बघत होतो, की तो आता तरी ‘पार्ट गेलाय’ म्हणेल, म्हणजे मला काहीतरी बोलता येईल. तो म्हणाला, “शेगडी झ्याक हाय, सर. शेगडीचं काय बी चुकलं न्हाई.”

पोळ्या दोन्ही मजल्यांवर लाटल्या गेल्या. वर काकूंचा तवा, खाली शुभांगीचा. माझं काम जिन्यातनं पुरणाचं भांडं नेण्या-आणण्याचं होतं, आणि त्यातही झाकण उघडायला मनाई होती. पावणेबाराला मी डबा घेऊन स्कूटरवरनं तिसऱ्या गल्लीत पोचलो. डॉक्टरीणबाईंनी एक पोळी मोडून तोंडात टाकली, डोळे मिटले आणि म्हणाल्या, “वैनींना सांगा, दिवाळीपासनं दर सणाला आमची ऑर्डर धरायची.” मला एवढं भरून आलं, की पायरीवरच उभा राहिलो. मग त्या म्हणाल्या, “आणि सर, शेगडीचं डोहाळजेवण कधी करताय?”

साडेआठ ते पावणेबारा! तिसऱ्या गल्लीत बातमी यायला एवढाच वेळ लागला. आमच्याकडं मेघगर्जनेचा वेग शिकवतात, तो नलवडेकाकूंना लागू होत नाही.

शुभांगीच्या पोळ्या आता गारगोटीपर्यंत जातात. हाताखाली दोन बायका आहेत, शेगड्या तीन आहेत आणि तिन्हींची देखभाल दस्तगीर मिस्त्रीकडं. आबांची पेटी त्याच दसऱ्याला देवघरात गेली. मी विचारलं तर शुभांगी म्हणाली, “पुजलेलं हत्यार वापरायचं न्हाई, तुमचाच नियम हाय.”

“अगं, तो एका दिवसापुरता असतो!”

“आपल्या घरात वर्षभर.”

त्या पेटीला रोज उदबत्ती मिळते. कधी पाना लागला, तर तो काढून घ्यायची परवानगी फक्त दस्तगीरला आहे. तो आधी नमस्कार करतो, मग उघडतो. आबांना हे बघून बरं वाटलं असतं, असं मला आता मनापासून वाटतं. चांगल्या हातात गेली पेटी.

आणि दर खंडेनवमीला शुभांगी शेगड्यांवर एकेक फूल ठेवते, पेटीला माळ घालते, आणि मग माझ्याकडं वळून माझ्या कपाळाला हळदकुंकवाची दोन बोटं लावते. पहिल्या वर्षी मी खूश होऊन विचारलं, “मला का गं?”

“पुजलं म्हंजे त्या दिवशी वापरायचं न्हाई,” ती म्हणाली. “बसा आता जाग्यावर.”

मी बसतो. तेवढं काम मला कुणालाही न विचारता जमतं.