दाभणकाकांचं पोतं

"कापडावर जाऊ नका, पोटात काय आहे ते विचारा."

दाभणकाका हे खुर्ची पाहून म्हणत, माणूस पाहून म्हणत आणि समोर कुणी नसलं तर स्वतःशीच म्हणत. खुर्च्यांच्या बैठका भरणं हा त्यांचा धंदा. वीतभर दाभण कायम सदऱ्याच्या खिशातून डोकावे, म्हणून हे नाव. खरं नाव त्यांच्या बायकोलाही आठवावं लागे.

वडील गेल्यावर वर्षभर त्यांच्या आरामखुर्चीला ताईने कुणाला हात लावू दिला नाही. बैठक खचली होती, पण आत जुन्या काळचे घोड्याचे केस होते, आता शोधून न मिळणारे. मागे एका कारागिराने आमच्या कोचातलं असलंच भरण काढून नेलं आणि आत फोम कोंबून दिला. दुधाने तोंड पोळलेली ताई आता ताकही फुंकून पीत होती. "काम आमच्या घरी, माझ्या डोळ्यांसमोर," तिने दाभणकाकांना बजावलं. ते हसून हो म्हणाले.

पहिल्या दिवशी त्यांनी केस काढून पोत्यात भरले. ते हात धुवायला गेले तेव्हा ताईने पोतं काट्याला अडकवलं. धुळीसकट दीड किलो. मग काकांनी केस कोमट पाण्यात धुतले, सावलीत वाळवले, बोटांनी पिंजून मोकळे केले आणि त्याच पोत्यात भरून गाठ मारली. ती गाठ फक्त त्यांनाच सुटे. ताईला ती गाठच खुपली.

तिसऱ्या दिवशी काका पायरीवर जेवायला बसले आणि पोतं पुन्हा काट्याला लागलं. धरायला मीच होतो.

"पावणेदोन," ताई कुजबुजली. "धूळ गेली तर वजन घटायला हवं. वाढलं कसं? केस गेले, काथ्या आला. तरी म्हटलं, पाणी कुठेतरी मुरतंय."

काका हात पुसत आत आले.

"काका, पोतं उघडा."

"भरायला घेतलं की उघडणारच आहे."

"आत्ता उघडा. मी तोलून पाहिलंय."

त्यांनी काट्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी खाली पाहिलं.

"माझं बोलणं तू फारच मनावर घेतलंस, पोरी," ते म्हणाले आणि गाठ सोडली. वरचे चार केस घेऊन त्यांनी काडी ओढली. "काथ्या दोरीसारखा धुमसत राहतो. हे बघ." केस आक्रसून गोळा झाले. करपलेल्या केसांचा वास खोलीभर पसरला.

पण ताईने पोत्यात हात घातलाच. खालून पांढऱ्या केसांची जुडी निघाली. "आणि हे? आमचे तर सगळे काळे होते."

"माझ्या घरच्या खुर्चीतले. तुझे वडील डाव्या अंगावर रेलून बसायचे. तिथल्या केसांचा भुगा झाला होता, तो पाण्याबरोबर गेला. खड्डा तसाच ठेवून द्यायचा होता का?"

"मग सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तर तू विचारलं असतंस, ह्यात तुमचा काय फायदा?"

ताईच्या ओठांवर तेच होतं.

पुढे दिवसभर काका बोलले नाहीत. ओठांत बारीक खिळे धरले की बोलावं लागत नाही. डावीकडे पांढरे केस, बाकी काळे, वर कापसाचा थर, मग कापड ताणून हातोडीचे हलके ठोके. ऊन कलताना बैठक पुरी झाली, ताठ आणि भरलेली.

नव्या बैठकीवर पहिल्यांदा ते स्वतः बसत, दोनदा अंग हलवून पाहत आणि मगच घरच्यांना बोलावत. प्रत्येक घरात हेच. त्या दिवशी त्यांनी कापडावरून नुसता हात फिरवला आणि हत्यारं गोळा केली.

"बसा ना, काका," ताई हळूच म्हणाली.

"नको. वजन वाढेल."

रिकामं पोतं खांद्यावर टाकून ते निघाले. वळणापर्यंत एकदाही मागे वळले नाहीत. ताई खिडकीचा गज धरून पाहत होती, मी ताईकडे. खुर्ची आमच्या दोघांच्या मधे होती, आणि बसायला कुणीच पुढे होईना.