मीटिंगमध्ये ऐकू येणारी हातोडी

माझ्यासारखीने गूढ अनुभवांच्या या सदरात लिहावं, हीच माझ्या ओळखीच्यांना अमानवीय घटना वाटेल. भुतंखेतं सांगणाऱ्यांची मी आजवर यथेच्छ टिंगल केली आहे. तेव्हा झालं ते जसंच्या तसं सांगते, पुढचं तुम्ही ठरवा.

आमचं घर कसबा पेठेत. खाली बाबांचं तांब्याच्या भांड्यांचं काम, वर आम्ही. आई लवकर गेली, त्यामुळे घरात दोघंच. जागा रीडेव्हलपमेंटला गेली तेव्हा कोथरूडला भाड्याने फ्लॅट घेतला. बाबांनी हौसेने गॅलरीत हातोडी काढली आणि थोड्याच दिवसांत सोसायटीचे सेक्रेटरी दारात हजर. "काका, आपली कला थोरच आहे. फक्त ती आम्हाला ऐकू येऊ नये."

बाबा वाद घालणाऱ्यातले नव्हतेच. हत्यारं आणि एक नवा कोरा, गुळगुळीत हंडा मी गोणीत भरला, सुतळीने तोंड बांधलं आणि गोणी माळ्यावर टाकली. त्यानंतर बाबा दिवसभर हॉलमध्ये खुर्चीत बसून असायचे. उजवा हात मात्र मांडीवर सारखा हलायचा... मला वाटलं, सवय.

माझं काम घरूनच. कोणत्या देशात कोणती कामं घरी बसून होऊ शकतात, याचा तक्ता आमची टीम करत होती — नेदरलँड्सचा मार्टिन आमचा लीड, मनिलाची ग्रेस माझ्या जोडीला. गंमत म्हणजे तेच काम एका देशात घरून होतं, दुसरीकडे होत नाही. कुठे नेट नाही, तर कुठे घरात टेबल मांडायला जागा नाही. बाबांनी एकदा सहज विचारलं, आमच्या कामापुढे काय लिहिलंस? म्हटलं, सगळ्या देशांत 'अशक्य'. ते हसले.

"अगं, जन्मभर घरीच तर केलं."

त्यानंतर लगेचच, भर दुपारी, मीटिंगमध्ये ग्रेसने विचारलं की तुझ्याकडे ठोकाठोक चालू आहे का. मी हेडफोन काढला... पंख्याची घरघर, बाकी शांत. वरचा फ्लॅट बंद, आसपास बांधकाम नाही. पुढच्या मीटिंगला मार्टिननेही तेच विचारलं. मग मी रेकॉर्डिंग ऐकलं आणि अंगावर सरसरून काटा आला. हातोडीचे एकामागून एक ठोके, भांडं फिरवण्यापुरती उसंत, परत ठोके. याला मठारणं म्हणतात — ठोक्याशेजारी ठोका देत भांडं मजबूत करायचं. लहानपणी दुपारी मी त्याच आवाजात झोपायचे.

बाबांच्या कानाला हेडफोन लावला. त्यांनी डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकलं. घाबरले वगैरे अजिबात नाहीत. हंडा आहे, होत आलाय, एवढंच म्हणाले. कित्येक दिवसांनी त्यांचा चेहरा इतका खुललेला पाहिला.

आणि मी काय केलं? मार्टिनने सुचवलं म्हणून नॉइज सप्रेशन चालू केलं — मागचे आवाज कापून टाकणारं बटण. कॉन्ट्रॅक्ट रिन्यू व्हायचं होतं, उगाच कुणाच्या डोळ्यावर कशाला यायचं, असं वाटलं. पुढच्या मीटिंगला सगळे खूश. संध्याकाळी चहा घेताना बाबांनी विचारलं, "त्यांना अजून ऐकू येतं का गं?" मी मोठ्या अभिमानाने सांगितलं, नाही, बंद करून टाकलं.

"बरं केलंस. तुझ्या कामात अडथळा नको."

त्या दिवसापासून त्यांचा हात हलला नाही. मला ते लक्षात यायलाही बरेच दिवस लागले. लक्षात आलं तेव्हा लगेच ते बटण बंद केलं, पण उपयोग झाला नाही. जेवायचे, पेपर चाळायचे, हात मांडीवर नुसता पडलेला. दिवाळीनंतर एका सकाळी बाबा त्या खुर्चीतच गेले.

दिवसकार्य झाल्यावर माळा आवरताना गोणी खाली काढली. सुतळीची गाठ माझीच, जशीच्या तशी. हंडा बाहेर काढला तर... बुडापासून वरपर्यंत मठारलेला. काठाखाली बोटभर पट्टा तेवढा गुळगुळीत राहिला होता.

मामेभाऊ म्हणतो, तू बाहेर गेल्यावर त्यांनीच केला असेल. गुडघ्यांनी बेजार झालेला माणूस माळ्यावर चढला, हंडा ठोकत बसला, आणि आमच्या सेक्रेटरींना ऐकू गेलं नाही? खरं सांगायचं तर याच्या उत्तराचं मला फारसं पडलेलं नाही. जीव तुटतो तो एवढ्यासाठीच की बोटभरच राहिलं होतं.

हंडा आता माझ्या टेबलावर, लॅपटॉपशेजारी असतो. मीटिंग सुरू झाली की मी नॉइज सप्रेशन बंदच आहे ना ते बघते आणि ग्रेसला विचारते, मागे काही ऐकू येतंय का. ती बिचारी दर वेळी नीट कान देऊन ऐकते आणि म्हणते,

"काहीच नाही. किती शांत घर आहे तुझं, लकी आहेस."