रविवारची गच्ची

आमच्या घरात चुकीची शिक्षा त्याच दिवशी मिळत नसे. ती रविवारी मिळायची.

जळगावात पिंप्राळ्याला आमचं दोन खोल्यांचं घर होतं. वर उघडी गच्ची आणि तिथं चढायला बाहेरून लोखंडी शिडी. वडील तेलाच्या गिरणीत मुकादम होते. आम्ही त्यांना नाना म्हणायचो. संध्याकाळी ओट्याला सायकल लावून ते आत आले की सरकीच्या पेंडेचा वास घरभर पसरायचा. पाणी पिऊन झालं की मला मांडीवर घ्यायचे आणि विचारायचे, "आज भाऊनं काय काय केलं?"

भाऊ म्हणजे माझा थोरला भाऊ. ऐंशी सालानंतरची पहिली काही वर्षं असतील. तो दहाचा होता, मी सातची. मी सांगायचे. भाऊ दुपारी रुळांकडे गेला होता. भाऊनं दौत सांडली. भाऊ मायला उलट बोलला. नाना ऐकून घेत आणि खिशातून लिंबाची गोळी काढून माझ्या हातावर ठेवत. भाऊ समोर बसून पाढे लिहीत असायचा. त्यानं सगळं ऐकलेलं असायचं. मग रविवारपर्यंत तो जेवायचा कमी आणि झोपेत दात खायचा.

रविवारी जेवणं झाली की नाना त्याला वर पाठवत. चपला खाली काढायच्या, हात मागे बांधायचे, मान खाली घालून गच्चीच्या मधोमध उभं राहायचं. "खाली बघ," एवढंच ते म्हणत. आवाज चढवत नसत. मग खाली येऊन पंख्याखाली आडवे होत. नानांची झोप होईपर्यंत शिक्षा चाले. चैत्र-वैशाखात त्याच गच्चीवर मायनं सकाळी घातलेले पापड दुपारच्या आत कडकडीत वाळायचे.

एकदा नानांची झोप लांबली. भाऊ खाली आला तेव्हा त्याच्या तळव्यांना फोड आले होते. मायनं कोरफडीचा गर लावला, जुन्या लुगड्याच्या चिंध्या बांधल्या. मला तेव्हा खरंच कळत नव्हतं म्हणून मी त्याला विचारलं, वर पाण्याची टाकी आहे, तिची सावली पडते, नाना तर झोपलेले होते, मग तू सावलीत का गेला नाहीस?

तो म्हणाला, "तू सांगितलं असतंस."

तो रागानं बोलला नाही, आणि त्यात मला टोचून बोलायचंही त्याच्या मनात नव्हतं. त्याला ते तसंच दिसत होतं. त्या दिवसापासून मी सांगणं बंद केलं असं लिहायला मला आवडलं असतं, पण तसं झालं नाही. नानांनी विचारलं की माझं तोंड उघडायचंच. न सांगितलं तर मलाही वर जावं लागेल अशी भीती मला होती. नानांनी तसं कधी म्हटलं मात्र नव्हतं.

दुसऱ्या दिवशी शाळेत भाऊनं विस्तवावर पाय पडल्याचं सांगितलं. कोणी पुढं विचारलं नाही. गल्लीत नानांना मान होता. मुकादमाच्या पोराला वळण चांगलं आहे, असं लोक म्हणायचे, आणि ते खोटंही नव्हतं. भाऊ कोणाच्या अध्यात नव्हता, मध्यात नव्हता. फक्त मागून कोणी खांद्यावर हात ठेवला की तो गर्रकन वळून समोरच्याचं मनगट पकडायचा आणि काही क्षण सोडायचा नाही. पोरांना त्याची गंमत वाटायची.

सोळाव्या वर्षी त्यानं नानांचं मनगट असंच पकडलं. नाना त्याला मारायला कमरेचा पट्टा काढत होते. दोघं तसेच उभे राहिले. मग भाऊनं हात सोडला आणि त्याच आठवड्यात तो चाळीसगावला मामाकडे निघून गेला. तिथं आधी टेम्पोवर क्लीनर, मग ड्रायव्हर झाला. एकविसाव्या वर्षी त्याचं लग्न झालं, मुलगा झाला. मी डी.एड. करून जळगावातच प्राथमिक शाळेत लागले. वर्गात एखादं मूल उठून "बाई, ह्यानं ना..." म्हणू लागलं की मी हातानंच खाली बसायची खूण करायचे. मी त्याला पुढं बोलू देत नसे. खरी तक्रार घेऊन आलेली किती मुलं मी अशी परत बसवली असतील, कोण जाणे.

मग तो प्रकार घडला. भाऊ चाळीसगावात एका सुताराकडे लाकूड पोचवायला गेला होता. फळ्या उतरवताना दोन फळ्यांचे कोपरे तुटले. सुतार पन्नाशीचा, तोंडानं फटकळ माणूस. त्यानं भाऊला सुनावलं. भाऊ त्याच्याकडे बघत उभा राहिला. सुतार म्हणाला, "डोळे काय वटारतो? खाली बघून बोल." भाऊनं टेम्पोतून टायर काढायची लोखंडी टॉमी आणली आणि त्याला मारायला सुरुवात केली. पहिल्या फटक्यालाच सुतार पडला होता. तरी भाऊ आणखी तीन वेळा मारत राहिला. पळून मात्र गेला नाही. टॉमी खाली ठेवून फळ्यांच्या ढिगाजवळ बसून राहिला.

सुतार वाचला. त्याचा उजवा हात कोपरातून सरळ होईना.

भाऊच्या वकिलांनी मला बोलावलं. गुन्हा शाबीत होणारच, पण लहानपणी काय घडलं ते घरच्या कोणी सांगितलं तर शिक्षा थोडी कमी होण्याची आशा आहे, असं ते म्हणाले. भाऊ स्वतः काही बोलायला तयार नव्हता. घरी येऊन मी मायला हे सांगितलं. तिनं सुपातले तांदूळ निवडून संपवले. मग सूप बाजूला सारून म्हणाली, "तो तुना बाप शे. बठ्ठा लोकेसमोर नको सांगू."

मी सगळ्यांसमोर सांगितलं. आयुष्यभर मी भावाच्याच गोष्टी सांगत आले होते, आणि ही पहिली वेळ होती की सांगण्यानं त्याचं भलं होणार होतं. नाना कोर्टात मागच्या बाकावर बसले होते. मी बोलत असताना त्यांनी डोक्यावरची टोपी काढून घडी घातली आणि पुन्हा उलगडली. भाऊनं माझ्याकडे पाहिलं नाही. बाहेर आल्यावर नाना माझ्याजवळ आले आणि शांतपणे म्हणाले, "मी त्याला वळण लावलं. नाहीतर तो कधीच वाया गेला असता." ते मनापासून बोलत होते.

तीन वर्षांची शिक्षा झाली. माझ्या सांगण्यानं ती कमी झाली की तेवढीच होणार होती, हे वकिलांनाही सांगता आलं नाही.

निकालानंतर मी सुताराच्या घरी गेले. कशाला गेले, ते मला नीट सांगता येणार नाही. क्षमा मागायची होती, पण मनात खोल कुठं तरी त्यांनी भाऊला समजून घ्यावं असंही वाटत असणार. सुतार आत खाटेवर होता, बाहेर आला नाही. त्याच्या बायकोनं मला ओट्यावर बसवलं, पाणी दिलं. मी गच्चीचं सांगू लागले. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "ह्यांच्या बापानं ह्यांना एकदा पायाला दोर बांधून विहिरीत उलटं सोडलं होतं. अजून विहिरीजवळ जात नाहीत. पण ह्यांनी कोणाचा हात मोडला नाही, बाई."

मी पेला खाली ठेवून उठले. ती खरं बोलत होती. कोर्टात मी जे सांगितलं तेही खरं होतं. ही दोन्ही खरी कशी जुळवायची ते मला कळत नाही, आणि जो कोणी ती चटकन जुळवून दाखवतो त्याच्यावर माझा विश्वास बसत नाही.

भाऊ धुळ्याच्या तुरुंगात होता. सुट्टीत मी एसटीनं जायचे. जाळीपलीकडून तो मुलाबद्दल विचारायचा, टेम्पोबद्दल विचारायचा. एकदा मी त्याला सुताराच्या बायकोचं बोलणं सांगितलं. तो म्हणाला, "बरोबर आहे तिचं." मग म्हणाला, "पहिला फटका मी कोणाला मारला, माहीत नाही. पण नंतरच्या तिन्ही वेळेला मला सुतारच दिसत होता. ते मी कोणावर ढकलणार नाही."

सुटून आल्यावर तो चाळीसगावलाच राहिला, पण वहिनी आणि मुलाबरोबर नाही. दोन गल्ल्या सोडून त्यानं खोली घेतली. रोज सकाळी घरी येई, वहिनीला बाजार आणून देई, मुलाला शाळेत पोचवी. जेवण झालं की आपल्या खोलीवर परत. लोक दोघांचं पटत नाही म्हणायचे. वहिनी कोणाला काही सांगत बसली नाही.

एका दिवाळीत मी तिकडे होते. मुलगा तेव्हा सहाचा असेल. फराळाचं ताट घेऊन धावताना तो दारात अडखळला आणि सगळं अंगणभर झालं. तो घाबरून बापाकडे बघू लागला. भाऊ उठला. त्याचे दोन्ही हात मुठी वळून अंगाशी घट्ट झाले होते. मुलाच्या शेजारून तो दाराबाहेर पडला आणि स्टेशनच्या रस्त्यानं चालू लागला. मी मागोमाग निघाले तेव्हा वहिनीनं मला थांबवलं.

"जाऊ द्या त्यांना," ती म्हणाली. "असं काही झालं की ते जातात. अंधार पडायच्या आत येतात."

तिनं केरसुणी आणली. मुलगा तिच्याशेजारी बसून सांडलेल्या शेवेतून धड तुकडे वेचू लागला. भाऊ दिवे लागायच्या वेळेला परत आला आणि मुलाला जवळ घेऊन बसला.