शिंगाड्याच्या पानांचा मफलर

श्यामलालला घाणीची किळस फार. मासे धरणाऱ्या ढिवराला ही खोड परवडणारी नव्हे, पण ती होती. चाळीस वर्षं त्याने सानगडीच्या तलावात जाळं टाकलं, कमरेइतक्या चिखलात उभा राहिला, आणि घरी आला की आधी विहिरीवर जाऊन नखं घासत बसायचा. लोक हसायचे. "ढिवर होय का नवरदेव?"

पुढे घरी गाठी मारून जाळी विणायचे दिवस सरले. नायलॉनची तयार जाळी बाजारातून यायला लागली आणि हिवाळ्यात श्यामलालची बोटं रिकामी पडली. नात खुशबूला तेव्हा शाळेत लोकरीचं काहीतरी विणून न्यायचं होतं. मोबाइलवर बघून बघून ती रडकुंडीला आलेली. श्यामलालने तिच्या हातातल्या सुया घेतल्या. सुलट टाका, उलट टाका. जाळ्याच्या गाठीपुढे हे म्हणजे पोरखेळ. आठ दिवसांत त्याने मफलर विणून तिच्या गळ्यात घातला. तिने तो लगेच काढला.

"आबाजी, याले खर्‍याचा वास येते."

त्याने उजेडात धरून पाहिलं. पांढऱ्या लोकरीवर जागोजागी तंबाखूने पिवळ्या झालेल्या बोटांचे ठसे. त्याला स्वतःच्याच हातांची शिसारी आली. डॉक्टरच्या धाकाने न सुटलेला तीस वर्षांचा तंबाखू-सुपारीचा खर्रा त्या दिवशी सुटला.

मग त्याला विणण्याचा नादच लागला. खुशबूच्या चौकटीच्या वहीत तो नक्षी काढायचा. एक चौकट म्हणजे एक टाका. कोणासाठी करायचं ते आधी ठरायचं, नक्षी मग सुचायची. लंगड्या हिरालालसाठी त्याने एका पायावर उभा असलेला बगळा विणला. हिरालाल आधी चिडला, मग तोच मफलर गावभर मिरवला. विकायचं मात्र श्यामलालच्या मनातही आलं नाही.

गेल्या हिवाळ्यात मच्छीमार संस्थेचा सचिव तेजराम घरी आला. संस्थेच्या कार्यक्रमाला एक मोठे पाहुणे येणार होते.

"श्यामलालभाऊ, शाल तं सारेच देतेत. तुम्ही एक मफलर इनून द्या. गावाचं नाव होईल."

श्यामलाल सुखावला. दीड महिना खपून त्याने पांढऱ्याशुभ्र लोकरीवर शिंगाड्याच्या पानांची वेल विणली. तलावावर पसरतात तशीच ती पानं, कडा कातरलेल्या, देठ फुगीर, मध्येच एखादं लालसर. चार वेळा उसवून पाचव्यांदा जमलं.

कार्यक्रमाच्या दिवशी त्याला पुढच्या रांगेत बसवलं. पाहुण्यांच्या गळ्यात मफलर पडला, टाळ्या झाल्या. पाहुणे खाली बसले. त्यांच्या एका गालात खर्‍याचा तोबरा होता. भाषणासाठी नाव पुकारलं तसे ते खुर्चीमागे वाकले, मंडपाच्या कनातीवर पचकन थुंकले, आणि त्यांनी मफलरचं टोक उचलून ओठ, हनुवटी, मग दातांच्या फटीसुद्धा निवांत पुसल्या. ते टोक लाल, चिकट होऊन त्यांच्या पोटावर लोंबत राहिलं. तसेच ते माइकपाशी गेले आणि गावाच्या स्वच्छतेवर बोलायला लागले.

खर्‍याची ती चव श्यामलालला ठाऊक होती, तो वास ठाऊक होता. त्यामुळे किळस दुप्पट झाली. तो उठला, मंचावर चढला आणि चालू भाषणात त्याने पाहुण्यांच्या गळ्यातला मफलर काढून घेतला.

"हे तोंड पुसाचं फडकं नोहे, साहेब."

तेजरामचा चेहरा पडला. पाहुणे क्षणभर गोंधळले, मग हसले. "कलाकार मानूस हाय, चालते!" लोकही हसले. त्या हसण्याचा श्यामलालला थुंकीपेक्षा जास्त वीट आला.

त्याने तो मफलर पाच पाण्यांत धुतला. डाग फिकट झाला, गेला नाही. सहाव्यांदा लावलेला साबण त्याने अर्ध्यातच धुवून टाकला. त्याने मफलर पार उसवला आणि लोकर चुलीत घातली.

आठवड्याने तेजराम परत आला. हातात पेपर. पाहुण्यांच्या गळ्यात मफलर असतानाचा फोटो छापून आला होता, डाग पडण्याआधीचा.

"झालं ते झालं, भाऊ. साहेबाले राग नाही. आता तालुक्याच्या कार्यक्रमाले सहा पायजे."

"कोणाच्या गळ्यात?"

"कोणाच्या का असेना! पाहुण्याईचे गळे आपन मोजाचे का?"

"मंग बाजारातून आन ना बापा. तोंड पुसाले तेच बरे."

तेजराम पाय आपटत गेला. श्यामलाल ओसरीवर बसून बराच वेळ बडबडत राहिला. लोकांना कशाची कदर नाही, जिथं तिथं पचापच थुंकतात, असल्या गळ्यांना दोरखंडच बरा.

बायको बायाबाई बाजारातून येऊन माशांची टोपली धूत होती. तिने ते सगळं ऐकून घेतलं.

"गावाच्या गळ्यायले इनलं, हिरालालले इनलं, त्या थुक्यालेही इनलं," ती मान वर न करता म्हणाली. "मले आजवर काहून नाही इनलं?"

"तू दिवसभर मासोळ्यात बसतेस. लोकरीले वास धरते."

बोलून गेल्यावर त्याला कळलं आपण काय बोललो. बायाबाईने हात थांबवले.

"म्हंजे माह्याही वासाची घान वाटते तुमाले. याच वासावर तुमची लोकर येते, माईत हाय ना?"

इतका वेळ जगाला नाक मुरडत बसलेला तो, पहिल्यांदा स्वतःपाशी येऊन थांबला. त्या पाहुण्याने निदान घातला तरी होता गळ्यात. आपण तर हिच्या गळ्याकडे कधी पाहिलंसुद्धा नाही. त्या संध्याकाळी त्याला जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्याने वही घेतली, पण नक्षी सुचेना. बत्तीस वर्षांच्या संसारात हिला काय आवडतं ते त्याने विचारलं नव्हतं. शेवटी विचारलं.

"नक्षी-फिक्षी नको," ती म्हणाली. "गडद निळा करा. अन् लांब करा, कानं झाकले पायजे. पहाटं बाजारात लय थंडी लागते."

त्याने साधा निळा, लांबलचक मफलर विणला. बायाबाई तो कानांवरून गुंडाळून बाजारात गेली. तिसऱ्या दिवशी त्यावर खवले चिकटलेले होते आणि मरळीचा वास दारातूनच येत होता. श्यामलालचं नाक सवयीने आक्रसलं. बायाबाईने ते पाहिलं.

"धुवाले टाकू का?"

"राहू दे," तो म्हणाला, आणि उठून विहिरीवर नखं घासायला गेला.