अंजनाबाईंची पहिली सही

ही गोष्ट सांगायचं मी इतकी वर्षं टाळलं. बायकोलाही सांगितली नाही. गेल्या महिन्यात धंतोलीत डॉक्टरांकडे अंजनाबाईंचा मुलगा भेटला. "माय गेली, काका," म्हणाला... आता टाळण्यात अर्थ उरला नाही.

एकोणीसशे साठचं दशक सरत आलं होतं. मी आरोग्य खात्यात निरीक्षक होतो. विणकरांच्या एका गल्लीत हगवणीची साथ आली. तिथली विहीर बुजवून नळ द्यायचं वरून ठरलं. गल्लीशी बोलून संमतीचा कागद तेवढा मी जोडायचा होता. मी दुपारी गेलो. जमिनीतल्या खड्ड्यात पाय सोडून चालवायच्या मागावरून न उठता अंजनाबाई म्हणाल्या, "खड्ड्यात पाय सोडून बसलेल्या माणसाले काय इचारता जी? सकायी या. सुताचा ताणा रस्त्यावर पसरला का सारी गल्ली खळ लावाले उभी रायते. तवा इचारा. अन् नळाचा पाइप मोरीतून आणून राहिले तुमी, हे कोनी पायलं का?"

सकाळी मी गेलो नाही. विणकरांना पाण्यातलं काय कळतं, असंच वाटलं होतं. औषधाच्या गोळ्या वाटल्याच्या वहीतली सह्या-अंगठ्यांची पानं काढली आणि संमती म्हणून जोडली. पहिली सही अंजनाबाईंची होती. गल्लीत सही करता येणारी ती एकटीच बाई.

विहीर बुजली. काही महिन्यांनी नळाला मोरीचं पाणी आलं. शेजारची गरोदर सून हगवणीनं दोन दिवसांत गेली. गल्ली जाब विचारायला कचेरीत आली, तेव्हा साहेबांनी तो कागद पुढे केला. "म्या गोळ्याची सही केली व्हती," अंजनाबाई माझ्याकडे बघून सांगत राहिल्या. मी तो कागद परत फायलीत लावला.

हिची सही पाहून आपण अंगठे दिले, असंच गल्लीनं धरलं. त्यानंतर त्यांच्या ताण्याला कुणी हात लावला नाही. रस्ताभर पसरलेलं सूत आणि नवरा-बायको दोघंच. एका टोकाला खळ लावेपर्यंत दुसरं वाळून जाई. वर्षभरात माग बंद पडला. दोघं धरमपेठेत घरकामाला लागली.

निवृत्तीनंतर एकदा त्यांच्या घरी गेलो होतो. "आज सकायी आले जी!" त्या हसल्या. "काय इचाराले आले?" मी चहा प्यायलो. "सहज," म्हणालो.

परवा पुन्हा गेलो. घरात नवी फरशी, पण मागाचा खड्डा तसाच, वर फळी टाकलेली. "माय बुजू देत नव्हती," मुलगा म्हणाला. "म्हने, मले इचारल्याबिगर काई बुजवाचं नाई."

फळी सरकवून मी काठावर बसलो, पाय आत सोडले. बाई, ती सही गोळ्यांची होती. ते पान मी जोडलं. एवढंच म्हणायचं होतं... सकाळी, साऱ्या गल्लीसमोर.