भिंतीपलीकडची नावं

लग्नानंतर मी इंग्लंडात लेस्टरला निघाले, तेव्हा सोलापूर स्टेशनवर अम्मीनं कडक भाकऱ्यांची पिशवी हातात दिली आणि म्हणाली, "मागं बघत चालू नको, पडशील." मी तरीही वळले. ती पदरानं चष्मा पुसत होती.

काही वर्षांनी ती गेली. मला तिकीट मिळेपर्यंत दफन उरकलं होतं. पुढं सोलापूरला आले तरी तिच्याजवळ जाता आलं नाही. आमच्याकडे बायका कबरस्तानात जात नाहीत. रिक्षा गेटावरून गेली, तेवढंच.

माझा धाकटा भाऊ अल्ताफ एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात आहे. त्याला म्हटलं, "फोटो तरी पाठव." त्यानं पाठवला. साधा दगड, उर्दूत अम्मीचं नाव, बाजूला कडुलिंबाची सावली. शिफ्टला जाताना बसमध्ये मी तो उघडला आणि माझा स्टॉप मागं राहिला.

त्याच सुमारास अल्ताफनं सांगितलं, कबरस्तानात जागा पुरेना, म्हणून ओळख न लागणारे जुने दगड कमिटी काढणार आहे.

"मग सगळ्यांचेच फोटो काढ की."

"आपा, लई आहेत गं!"

पण काढले त्यानं. शुक्रवारी जुम्याच्या नमाजनंतर बाटलीभर पाणी आणि जुना टॉवेल घेऊन जायचा, धूळ पुसायचा. अक्षरं चुन्यात बुजलेली असली, तर ऊन कलेपर्यंत थांबायचा. तिरप्या उन्हात ती उठून दिसत. इकडं मी जेवणं झाली की एकेक नाव वाचायची आणि शेजारी मराठीत लिहायची. आमच्या पोरांना उर्दू कुठं येतं? मग आम्ही ती नावं परगावी गेलेल्या सोलापूरकरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू लागलो. पुण्यातून, दुबईतून उत्तरं यायची. कुणाचे दादा म्हणजे आजोबा सापडले, कुणाची फुफी म्हणजे आत्या. मला वाटायचं, हे काम माझ्यासारख्या लांब गेलेल्यांसाठीच आहे.

एके दिवशी शहनाज खालाचा व्हिडिओ कॉल आला. खाला म्हणजे मावशी, पण ही अम्मीची मैत्रीण. सगळा जन्म कबरस्तानाच्या भिंतीला लागलेल्या घरात काढलेली. तिची रेश्मा दोन वर्षांची असताना तापानं गेली होती. दफन करून आलेल्या नवऱ्याला तिनं कधी काही विचारलं नाही, त्यानंही सांगितलं नाही. आता तोही नाही. अल्ताफनं त्या दिवशी तिला एका छोट्या दगडाचा फोटो दाखवला होता. बापाच्या नावावरून ओळख पटली होती.

"बेटा, मला वाटायचं, आत कुठं तरी लांब असेल," खाला म्हणाली. "ही तर माझ्या खिडकीखालीच हाय गं. इतकी वर्षं हितंच होती."

ओळख लागली म्हणून तो दगड कमिटीनं तिथंच ठेवला.

घर कुठलं, असं इथं कुणी विचारलं की मी अजून सोलापूर सांगते. तिथं आता माझी खोली नाही, माझं कपाट नाही. पण माझ्या माणसांना नावानं हाक मारणारं कुणीतरी आहे.

परवा खालानं पुन्हा फोन केला. खिडकीत उभी होती.

"रेश्माशी रोज बोलते मी. तुझी अम्मी जरा आत हाय, पण ऐकू जाईल. काय सांगू तिला?"



"सांगा," मी म्हटलं, "मी बरी आहे म्हणून."

खालानं खिडकीबाहेर तोंड केलं आणि मोठ्यानं सांगितलं.